वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ नावाचा एक रकाना असतो. त्याच्या शेजारीच ‘अभ्यासातील प्रगती’. प्रगतीच्या रकान्यात थोडंफार वैविध्य तरी सापडतं. कुणाची बरी, कुणाची समाधानकारक, एखाद्याची उत्तम. वर्तणुकीत मात्र सगळा महाराष्ट्र ‘चांगला’ आहे. वर्गात साप सोडणारा आणि सापाला न दुखवता बाहेर नेऊन सोडणारा, दोघेही चांगले. दाखला लिहिणाऱ्या लेखनिकाचा त्यात दोष नाही. दहा वर्षांचं वागणं दोन इंचांच्या रकान्यात मावायचं कसं? शिवाय वाईट लिहून पोराचं पुढचं ॲडमिशन कोण अडवेल? माणुसकी म्हणून ‘चांगली’ लिहायचं आणि शिक्का मारायचा. सरकारदरबारी आपल्या चारित्र्याची झालेली पहिली आणि बहुतेकांच्या बाबतीत शेवटची नोंद ती हीच.

पुढे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि एका शब्दाऐवजी वाक्यं लिहिणं शिक्षकांच्या गळ्यात पडलं. त्यांना वर्णनात्मक नोंदी म्हणतात. ‘इतरांना मदत करतो’, ‘शाळेच्या मालमत्तेची काळजी घेतो’, ‘गटात मिळूनमिसळून वागते’. कल्पना सोन्यासारखी होती. पण साठ-सत्तर मुलं, त्यांचे आठ-नऊ विषय, त्यात जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचा हिशेब. मग बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, पाठोपाठ व्हॉट्सॲपवर त्यांच्या फाइली फिरू लागल्या. आता हजारो मुलं एकाच वाक्यात इतरांना मदत करतात. हे लिहिताना मी शिक्षकांना हसत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर पहिली फाइल मीच उतरवून घेतली असती.

हे सगळं मनात घोळायला लागलं ते महाबळेश्वर तालुक्यातल्या एका शाळेमुळे. हिवाळ्याचे दिवस होते. स्नेहसंमेलन तोंडावर आलं होतं, आणि ‘आदर्श विद्यार्थी’ निवडण्यासाठी शाळेला बाहेरचा एक माणूस हवा होता. मुख्याध्यापक ओळखीचे. मी गेलो. या पट्ट्यात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. अतिवृष्टीच्या भागातल्या काही शाळांना तर सुट्टीसुद्धा उन्हाळ्याऐवजी पावसाळ्यात असते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतलं कोरडं, लख्ख ऊन म्हणजे इथल्या शाळांचा खरा उत्सवाचा मोसम. अडचण एवढीच, की तोच मोसम स्ट्रॉबेरीचाही. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत फळ चालतं. ते पहाटेच तोडावं लागतं, ऊन चढायच्या आत पनेटमध्ये, म्हणजे फळांच्या छोट्या डब्यांत, भरून गाडीला लावावं लागतं. त्यामुळे वर्गातल्या कितीतरी मुलांचा दिवस प्रार्थनेच्या आधीच तीन-चार तासांचा होऊन गेलेला असतो. बोटांच्या टोकांना लालसर डाग असतात. पहिल्या तासाला डुलक्या येतात, आणि हजेरीपटावर आठवड्यातून एखादा ‘गै’ लागतो.

आम्हा निवड समितीसमोर निकषांचा तक्ता ठेवला होता. हजेरीला वीस गुण. गणवेश आणि स्वच्छतेला दहा. वक्तृत्व, क्रीडा, सांस्कृतिक सहभाग, आज्ञाधारकपणा. तक्ता भरत गेलो तसतशी एक गंमत लक्षात आली. वर येणारी नावं गावातल्या बाजारपेठेजवळ राहणाऱ्यांची होती. हॉटेलवाल्यांची, दुकानदारांची, नोकरदारांची मुलं. गुणी मुलं होती, त्याबद्दल वाद नाही. पण फळ तोडून, डोंगर उतरून येणारी मुलगी हजेरीतच मागे पडत होती. तिचा गणवेश मातीचा. वक्तृत्वाच्या तासाला तिला झोप आलेली. म्हणजे कष्टाचा गौरव करायला बसलेला तो तक्ता कष्टाचेच गुण कापत होता.

मधल्या सुट्टीत खिचडी वाटणाऱ्या मावशी भांडी आवरत होत्या. मी सहज विचारलं, “मावशी, तुम्ही रोज बघता. या पोरांत चांगलं कोण?” त्या हसल्या. एक मूल आहे म्हणाल्या. धाकट्यांना ताटं दिल्याशिवाय स्वतः बसत नाही, उरलेल्या खिचडीचं पातेलं घासायला हात लावतं. “कोण ते?” मावशींनी डाव पुसत पुसत साफ नकार दिला. “नाव न्हाई सांगायची, सर. आत्ता वाढतंय ते उगंच, मनाला वाटतं म्हणून वाढतंय. तुमी स्टेजवर बोलावलं की उद्यापास्नं दावून वाढंल.”

मावशींनी जे एका वाक्यात सांगितलं त्याचा प्रयोग 1973 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र झाल्यावर तेच प्रमाणपत्र दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. पुढे वर्गात कुणी सांगत नसताना कोण किती चित्रं काढतं हे पाहिलं, तर बक्षिसाच्या आशेने काढणाऱ्यांची ओढ जवळपास निम्म्यावर आली होती. न सांगता बक्षीस मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नव्हतं. म्हणजे खोट बक्षिसात नव्हती, ती आधीच दाखवलेल्या आमिषात होती. आपण तर वर्षभर आधी फलकावर लावतो : ‘आदर्श विद्यार्थी पुरस्कार, निकष खालीलप्रमाणे’.

मग चांगुलपणाची दखल घ्यायचीच नाही का? घ्यायची. आणि ती कशी घ्यावी हे शिकायला सातारा जिल्ह्याच्या माणसाला स्टॅनफर्डपर्यंत जायची गरज नाही. महाबळेश्वरहून केळघरचा घाट उतरून मेढ्यावरून साताऱ्यात आलं की पुरे.

भाऊराव पाटलांचीच गोष्ट घ्या. आज ज्यांच्या नावाने शाळाशाळांतून गुणगौरव होतात ते कर्मवीर स्वतः कुठल्याच गुणगौरवात बसले नसते. जन्म 22 सप्टेंबर 1887 चा, कुंभोजचा. अभ्यासात यथातथाच, इंग्रजी शाळेची पायरी पुरती चढलेच नाहीत. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. 1908 साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. त्याच्या उद्घाटनाला हा मुलगा गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं, की अंघोळ केल्याशिवाय पंगतीला बसायचं नाही. त्याने अंघोळीला नकार दिला. बोर्डिंगातून काढून टाकलं. दाखल्यावर खरं लिहायचं ठरवलं असतं तर त्या दिवशी ‘वर्तणूक : असमाधानकारक’ असंच लिहावं लागलं असतं, कारण नियम मोडला होता आणि वडीलधाऱ्यांची आज्ञाही मोडली होती. आपल्या तक्त्यात आज्ञाधारकपणाला गुण आहेत. न पटलेली आज्ञा नाकारून त्याची किंमत मोजणाऱ्याला गुण द्यायचा रकाना मी अजून एकाही शाळेत पाहिलेला नाही.

त्याच भाऊरावांच्या चरित्रांत पुढची हकिगत येते ती इस्लामपूरची. शाळेच्या वर्गाबाहेर एक मुलगा बसलेला त्यांना दिसला. अस्पृश्य म्हणून बाहेर बसवलेला, बाहेरूनच आतलं ऐकणारा. भाऊरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारून ‘हुशार आहेस’ असं म्हणून वाट धरली नाही. त्याला कोल्हापूरला त्याच मिस क्लार्क वसतिगृहात नेऊन ठेवलं. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप. पुढे ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले. मला वाटतं, गुणगौरवाचा हा आपल्या मुलखातला अस्सल नमुना आहे. पाहिलं कुणी, तर रस्त्याने जाणाऱ्या माणसाने. दिलं काय, तर राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण. हार नाही, टाळ्या नाहीत.

1919 साली काले गावात भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, 1924 मध्ये काम साताऱ्यात आलं. तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका चुलीवरचं जेवत होती. त्या बोर्डिंगला 1927 साली गांधीजींच्या हस्ते शाहू छत्रपतींचं नाव मिळालं. चूल पेटती ठेवण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले, शेवटी मंगळसूत्रही. साताऱ्याच्या धनिणीच्या बागेतल्या त्या बोर्डिंगच्या मुलांचा दिनक्रम वाचला की आजच्या पालकाला धक्का बसेल. पाणी भरायचं, दळण दळायचं, भाकरी थापायच्या, खडकाळ माळ खणायचा, आणि मग अभ्यास. 1947 साली निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ रीतसर योजना झाली. या साऱ्यात कष्टाचं बक्षीस काय होतं? आणखी जबाबदारी. ज्याने कोठाराचा हिशेब चोख ठेवला त्याच्याकडे किल्ल्या यायच्या. अकरा-बारा वर्षांच्या पोराच्या हातात धान्याच्या कोठाराची किल्ली देणं आणि त्याच हातात सोनेरी रंगाचा प्लॅस्टिकचा कप देणं, यांतलं पोराला काय जास्त कळत असेल?

इथे थोडं सावध राहिलं पाहिजे. कष्टाचं कौतुक करता करता आपण कष्टाची सोय लावायची विसरतो. मुलांना खणायला लावणारे भाऊराव त्यांच्या पोटासाठी गावोगाव धान्य मागत फिरत होते, हे सोडून आपण फक्त कुदळ उचलतो. तापोळ्याच्या खाली, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठाकाठाने जी गावं आहेत, तिथल्या मुलांची शाळेची वाट पाण्यावरून जाते. 2022 च्या जानेवारीत त्यातल्याच एका गावच्या मुलींची बातमी देशभर गाजली. त्या स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडायच्या आणि पुढे दाट जंगलातून काही किलोमीटर चालायच्या. फोटो सुंदर होते. समाजमाध्यमांवर ‘सलाम’ आणि ‘जिद्द’ यांचा पूर आला. मुंबई उच्च न्यायालयानेही बातमी वाचली, पण न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली ती वेगळ्या कारणाने. या मुलींना सुरक्षित वाट का नाही, हे त्याने सरकारला विचारलं. मला हा त्या मुलींचा खरा सत्कार वाटतो. सलाम ठोकणाऱ्याला घरी जाता येतं. वाट का नाही असं विचारणाऱ्याला उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं.

रोज शाळेत येण्याच्या कष्टांना राज्याने एकदा पैशांतही मोजलं आहे. मागास आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजर दिवसाला एक रुपया. हा उपस्थिती भत्ता 1992 पासूनचा. त्या काळी रुपयाला थोडा मान होता; वही नाही तरी पेन्सिल यायची. तीन दशकं उलटली तरी रुपया रुपयाच राहिला. मुलींच्या शाळेसाठी झटलेल्या सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव याच सातारा जिल्ह्यातलं. दर 3 जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, प्रतिमेला घातला जाणारा हार मात्र दर वर्षी महाग होत गेला आहे.

साताऱ्याच्याच आणखी एका नोंदीपाशी मी नेहमी थबकतो. 7 नोव्हेंबर 1900 रोजी तिथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात एक मुलगा दाखल झाला. रजिस्टरला 1914 क्रमांकापुढे नाव आहे भिवा रामजी आंबेडकर. 2017 पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत त्यांना वेगळं बसावं लागलं, हे सर्वांना ठाऊक आहे. मला बोलायचंय ते पुढच्या प्रसंगाबद्दल. 1907 साली मुंबईत ते मॅट्रिक झाले. गुण 750 पैकी 282. गुणवत्तेच्या कुठल्याही यादीत हे नाव आलं नसतं. तरी वस्तीने सभा भरवली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर उठून बोलले आणि त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र या मुलाच्या हातात ठेवलं.

केळुसकर हे काही आयत्या वेळी गाठलेले प्रमुख पाहुणे नव्हते. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी बरेच दिवस पाहिलेला होता. त्यांनी त्याची विचारपूस केली होती, पुस्तकं दिली होती. मुलगा वाचत होता तो कुणी पाहतंय म्हणून नव्हे; आणि पाहणाऱ्याने पुस्तक दिलं ते आधी जाहीर करून नव्हे. एवढ्यावरही ते थांबले नाहीत. पुढच्या शिक्षणाचे पैसे संपत आले तेव्हा हेच केळुसकर त्याला सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या बुद्धचरित्राचं पुढे काय झालं ते 1956 साली बौद्ध धम्मदीक्षेच्या वेळी नागपूरने पाहिलं.

पुन्हा आपल्या डोंगरावर येऊ. पाचगणीला जुन्या निवासी शाळा आहेत. तिथे पारितोषिकांची मोठी परंपरा आहे. लाकडी फळ्यांवर सोनेरी अक्षरांतली नावं, बिल्ले, ढाली. तिथल्या सेंट पीटर्स शाळेने 1958 साली ‘ज्युनिअर ऑल-राउंडर’ म्हणून एक चषक झांजिबारहून आलेल्या फारुख बुल्सारा नावाच्या मुलाला दिला. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. चषकामुळे तो गायक झाला नाही, हे सांगायला नकोच. पण अष्टपैलू म्हणून ज्याला हेरलं त्याला त्याच शाळेत पियानोही शिकायला मिळाला, हे सांगायला हवं.

पुण्याच्या फुल्यांच्या शाळेतली एक आठवण सांगितली जाते. समारंभात पाहुणे मेजर कँडी यांनी बक्षीस म्हणून खाऊ देऊ केला तेव्हा मुक्ता साळवे ही मुलगी म्हणाली, खाऊ नको, आम्हाला वाचनालय द्या. याच मुक्ताचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आठवण शब्दशः तशीच घडली असेल किंवा नसेलही, पण बक्षीस काय असावं हे बक्षीस घेणाऱ्याला विचारायची रीत तिथून सुरू व्हायला हरकत नव्हती. आपण ती सुरू केली नाही. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार 2017 साली ‘पुस्तकांचं गाव’ झालं. घराघरांत पुस्तकांची कपाटं आली, पर्यटक ओसरीवर बसून वाचू लागले. मुक्ताने मागितलेली वस्तू या तालुक्यात अशी दारात आलेली असताना, आसपासच्या शाळांत बक्षीस म्हणून आजही स्टीलचे डबे आणि घड्याळं वाटली जातात. घड्याळात सेल नसतो, ही आणखी एक गोष्ट.

समारंभच नको, असं म्हणणाऱ्यांतला मात्र मी नाही. ज्या घरात दोन-तीन पिढ्यांत कुणाचं नाव माइकवरून पुकारलं गेलेलं नाही, पुकारलं गेलं तर रेशनच्या रांगेत नाही तर कर्जवसुलीत, त्या घरातला बाप इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसलेला असतो. पोरीचं नाव आलं की तो टाळ्या वाजवत नाही, कारण दोन्ही हात मोबाइलवर फोटो काढण्यात गुंतलेले असतात, आणि फोटो हमखास हलतो. ते प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन गणपतीच्या कॅलेंडरशेजारी लागतं आणि भिंतीचा रंग उडेपर्यंत तिथेच राहतं. त्याची थट्टा करायचा हक्क ज्यांच्या घरी प्रमाणपत्रं फायलीत पडून आहेत त्यांना नाही. नाव पुकारावं. धावण्यात पहिला आलेल्याचं, चित्रकलेत, गणितात, खो-खोत पहिल्या आलेल्यांचं खुशाल पुकारावं. फक्त चारित्र्यात पहिला, दुसरा, तिसरा काढायचं सोडून द्यावं. प्रामाणिकपणात दुसरा आला, म्हणजे काय झालं?

त्या दिवशी समितीने नाव ठरवलं, तक्त्यानुसारच. मी सही केली. उठताना मुख्याध्यापकांना एवढंच सुचवलं, की ट्रॉफी, शाल आणि पाहुण्यांच्या नारळाचा खर्च बाजूला काढून तो दहावीच्या दोन-तीन मुलांच्या पुढच्या सोयीला लावता येतो का पाहा. या डोंगरात दहावीनंतरचा प्रश्न निकालाचा नसतो. वाईला, साताऱ्याला नाहीतर खाली महाडला राहायचं कुठे, खोलीचं भाडं कोण देणार, मेसचे पैसे कुठून, हा असतो. नव्वद टक्के मिळवलेली मुलगी त्या वर्षी स्ट्रॉबेरीच्या मजुरीला लागते ती या प्रश्नापायी. मुख्याध्यापक म्हणाले, “कल्पना चांगली आहे, पण देणगीदारांना ट्रॉफीवर नाव लागतं.” त्यांचं खरं होतं. वसतिगृहाच्या पावतीवर देणाऱ्याचं नाव कुणाला दिसत नाही.

तेव्हा हे लिहिणं मुख्याध्यापकांसाठी नाहीच, देणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही माजी विद्यार्थी असाल, महाबळेश्वरात हॉटेल असेल, मुंबईत माथाडीत किंवा बँकेत असाल आणि गावच्या शाळेला दर वर्षी काही देत असाल, तर यंदा संमेलनाच्या दिवशी नका येऊ. फळाच्या हंगामात एखाद्या साध्या दिवशी या, मधल्या सुट्टीत खिचडीच्या पातेल्यापाशी उभे राहा, कोण कसं वागतं ते पाहा, आणि कुणाला न सांगता त्या मुलाच्या अकरावीच्या खोलीचं भाडं भरा.